न सांगता वाढणारा कर

चि. सोनू हिस,


‘12 लाखांपर्यंत कर नाही, आता तरी तुझी तक्रार संपली ना मामा?’ असं तू विचारलंस. नव्या करप्रणालीतली 2025 ची ही सवलत मोठीच आहे. 75 हजारांच्या प्रमाणित वजावटीमुळे पगारदारांना ती पावणेतेरा लाखांपर्यंत मिळते, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या तुम्हा मुलांना तिचा लाभ होतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझी तक्रार दरांबद्दल नाहीच.

1973-74 साली सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता, हे लोक आजही सांगतात. तो 2 लाखांवरच्या उत्पन्नाला होता. तेव्हा एवढं कमावणारा आपल्या आळीत शोधून सापडला नसता! आपल्यासारख्यांचा कर ठरतो तो टप्प्यांवर, आणि ते टप्पे किती वर्षं हलवलेच जात नाहीत यावर.

2012 च्या अर्थसंकल्पाने 30 टक्क्यांचा टप्पा 10 लाखांवर नेला. जुन्या करप्रणालीत तो अजून तिथेच आहे. भांडवली नफ्यासाठी सरकार जो महागाई निर्देशांक काढतं, तो 2012-13 मध्ये 200 होता, 2024-25 मध्ये 363. म्हणजे त्या 10 लाखांची ऐपत राखायला 18 लाख 15 हजार हवेत. आता हिशेब कर. तेव्हा 10 लाख करपात्र उत्पन्नावर उपकर सोडून 1 लाख 30 हजार कर बसायचा, म्हणजे शंभरातले 13 रुपये. 2024-25 मध्ये 18 लाख 15 हजारांवर 3 लाख 57 हजार, म्हणजे शंभरातले जवळजवळ 20. ऐपत तेवढीच, आणि दर वाढवल्याची घोषणा कुणीच केली नाही. महागाई भत्त्याने पगार वर गेला आणि जागच्या जागी बसलेल्या टप्प्याने त्यातला वाटा उचलला. याला मी करवाढच म्हणतो.

नव्या प्रणालीत हा बोजा पुष्कळ उतरतो, हे कबूल. पण त्यासाठी राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची आणि पीएफची वजावट सोडावी लागते. शिवाय तिचे टप्पेही महागाईशी बांधलेले नाहीत, त्यामुळे आज ऐसपैस वाटणारे 12 लाख तुझी बढती होईतो तोकडे पडतील. अमेरिकेत 1985 पासून हे टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे कायद्यानेच सरकतात.

तुमची कर्मचारी संघटना अर्थसंकल्पाआधी निवेदन देणार असेल, तर दर कमी करा असं मागू नका. टप्पे दरवर्षी महागाईनुसार आपोआप बदलतील, एवढं कायद्यात लिहून मागा.

तुझा,
मामा