एका सेनापतीचे दोन निरोप

इ. स. १८६३ च्या जानेवारीची पहिली तारीख आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असते. त्या दिवशी लिंकनने गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला, हे वाक्य उत्तरपत्रिकांतून आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की, त्यावरून आमची लाल पेन्सिल आता आपोआप पुढे सरकते. परंतु त्याच दिवशी अमेरिकेत आणखी एक कायदा अंमलात आला, त्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. होमस्टेड कायदा असे त्याचे नाव. जो कुटुंबप्रमुख सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे ती कसील, त्यास अल्पशी फी घेऊन १६० एकर जमीन मालकी हक्काने द्यावी, अशी त्यात तरतूद होती. एका हाताने स्वातंत्र्य व दुसऱ्या हाताने भूमी, असे दान एकाच दिवशी करणारे राष्ट्र इतिहासात विरळाच. मात्र ही दोन्ही दाने एकाच माणसाच्या ओंजळीत सहसा पडली नाहीत.

ज्यांस स्वातंत्र्य मिळाले त्यांस भूमीचे महत्त्व ठाऊक नव्हते असे मात्र नाही. जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना शहर उत्तरेच्या सैन्याने घेतल्यावर सेनापती शर्मन व युद्धमंत्री स्टँटन ह्यांनी तेथील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांस भेटीस बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर नावाचा सदुसष्ट वर्षांचा वृद्ध बोलला. ह्या गृहस्थाने आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून स्वतःस व आपल्या पत्नीस विकत घेतले होते. तेव्हा हक्काची किंमत त्यास कोणी शिकवावयास नको होती. तुम्ही आपला निर्वाह कसा चालवाल, असे विचारता तो म्हणाला की, आम्हांस जमीन मिळावी. ती आम्ही स्वतःच्या श्रमाने कसू आणि पुढे विकतही घेऊ. चार दिवसांनी शर्मनचा हुकूम निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडील बेटे व किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवावी, आणि प्रत्येकास चाळीस एकरांपर्यंत तुकडा द्यावा! जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली.

तोपर्यंत लिंकनचा खून होऊन गेला होता. नवा अध्यक्ष जॉन्सन ह्याने मे महिन्यात बंडखोर मळेवाल्यांस क्षमा करून त्यांच्या मिळकती परत देण्याचे धोरण आरंभिले. आता हा निरोप त्या चाळीस एकरवाल्यांस सांगणार कोण? ते काम सेनापती ऑलिव्हर हॉवर्ड ह्याच्याकडे आले. हॉवर्ड मनाने सज्जन, वृत्तीने धार्मिक. युद्धात त्याचा उजवा हात गेला होता, आणि मुक्त झालेल्यांच्या कल्याणासाठी काढलेल्या सरकारी खात्याचा तो प्रमुख होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावरील एका देवळात लोक जमले, आणि त्या भल्या माणसाने त्यांस सांगितले की, जमीन परत करा, जुन्या धन्याशी करार करा व त्यास क्षमा करा.

बेटावरील लोकांनी ह्यावर लेखी उत्तर दिले. त्या उत्तराइतका रोखठोक कागद आमच्या पाहण्यात फार थोडा आहे. त्याचा आशय असा : आपला केवळ उजवा हात गेला, आपण कदाचित क्षमा करू शकाल, पण ज्याने मला झाडास बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईस व बहिणीस उघडे करून चाबकाने झोडले, आणि आता स्वतःची जमीन मिळाल्यास मी त्याच्या दारी जाणार नाही हे जाणून जो ती मला मिळू देत नाही, त्यास क्षमा करणे मला जमणार नाही. हॉवर्डच्या जखमेचा असा हिशेब त्याच्या तोंडावर मांडण्यास केवढे धैर्य लागले असेल!

जमीन अर्थात गेली. त्यानंतर घटनेत दुरुस्त्या झाल्या, नागरिकत्व आले, १८७० साली मतदानाचा हक्कही आला. १८६६ साली दक्षिणेतील पाच राज्यांत सरकारी जमीन देण्याचा कायदा झाला, पण तीत पुष्कळशी दलदल व निकृष्ट रान. शिवाय पूर्वीच्या बंडखोरांस त्या वर्षअखेरपर्यंत वगळले होते खरे, परंतु तेवढ्याच मुदतीचे मजुरीचे करार बहुतेक कृष्णवर्णीयांच्या मानेवर बसलेले! बाकीचे लोक अर्धेलीने, धन्याच्याच शेतात, दुकानदाराच्या उधारीवर राबू लागले. मत देणारा हात आणि उधारीच्या वहीवर अंगठा उठवणारा हात एकच असला, म्हणजे पहिल्याचे बळ किती उरते? १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. ते अर्पण योग्यच होते. पण दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे जोतीराव एडिस्टोवर गेले असते, तर त्यांनी तेथे आधी जमिनीचीच चौकशी केली असती, असे आम्हांस वाटते.

हॉवर्डची कथा मात्र येथे संपत नाही. होमस्टेडची भूमी आकाशातून पडलेली नव्हती. तिच्यावर मूळ रहिवाशांची वस्ती होती. सोने सापडल्यावर १८६३ सालीच, नव्या तहाने, नेझ पर्स लोकांच्या राखीव भूमीचा सुमारे नऊ दशांश भाग काढून घेण्यात आला. वालोवा खोऱ्यातील त्यांच्या टोळीने त्या तहावर सही केली नव्हती. त्या प्रांताचा सेनापती होऊन आलेल्या हॉवर्डने हे खोरे त्यांजकडून घेणे ही मोठी चूक होईल, असे वरिष्ठांस लिहिलेही. मग मे १८७७ मध्ये हुकूम आला, आणि त्याच हॉवर्डने सरदार जोसेफ व त्याच्या सोबत्यांस तीस दिवसांत निघून जाण्यास फर्मावले. बायकामुलांसह ते लोक हजाराहून अधिक मैल पळत गेले. हॉवर्ड मागे होता. ऑक्टोबरात, कॅनडाची सरहद्द सुमारे चाळीस मैलांवर असता, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. घरच्या मुलखात परत नेऊ, हे त्या वेळी दिलेले वचन मोडून त्यांस दूर कॅन्सासकडे पाठवण्यात आले.

हॉवर्डच्या नावाचे विद्यापीठ वॉशिंग्टनमध्ये १८६७ साली निघाले. कृष्णवर्णीयांच्या कित्येक पिढ्या तेथे शिकून मोठ्या झाल्या. ही गोष्टही त्याच्या खात्यावर मांडली पाहिजे. दुष्ट माणसाने केलेला अन्याय समजावयास सोपा असतो. येथे कागद वाचताना आम्ही पुन्हा पुन्हा अडखळतो, ते निरोप्या भला होता म्हणून.

जोसेफ उतारवयात वालोवास येऊन गेला. बापाच्या थडग्याजवळ थोडी जमीन विकत मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते. ते मान्य झाले नाही, आणि १९०४ साली तो परक्या राखीव मुलखात वारला.