ओव्हल मैदानाच्या दोन कडा

मुंबईच्या ओव्हल मैदानात मधोमध उभे राहिले, की पूर्वेस राजाबाई टॉवर दिसतो आणि पश्चिमेस १९३० च्या दशकातील गोलसर सज्ज्यांच्या इमारतींची रांग. २०१८ पासून या दोन्ही बाजू जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बहुतेक प्रवासी छायाचित्रे काढून पुढे जातात. व्यापारी घरातील पाहुण्याने मात्र या दोन कडांमधील अंतर वर्षांत मोजून पाहावे.

मनोरा उभा राहिला तो सुरतेकडील जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दानातून. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव मिळाले. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची वेळ घंटेवरून कळावी, हा त्यामागील हेतू होता, अशी कथा सांगतात. बांधकाम पूर्ण झाले १८७८ मध्ये. मधल्या काळात शेठजींचे वैभव ओसरून गेले होते.

त्या वेळी मैदानाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर समुद्र होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या रुईला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा जमिनीकडे वळला. तीही पाण्याखालच्या जमिनीकडे! बॅक बेचा उथळ समुद्र भरून भूखंड काढण्यासाठी कंपनी निघाली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला.

एवढे साहस समजण्यासारखे होते. घात झाला पुढच्या पायरीवर. एक शेअर तारण ठेवायचा, त्या कर्जातून दुसरा घ्यायचा, तोही तारण ठेवून तिसऱ्याकडे वळायचे. भाव वाढला की तारणाची किंमत वाढे, ती वाढली की नवे कर्ज मिळे. स्वतःचे भांडवल तळाशी चिमूटभर. शिवाय वायद्याचे सौदे होतेच, आणि त्यांतील पुष्कळ सौद्यांची मुदत होती १ जुलै १८६५.

एप्रिलमध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता पुढे मुंबईत पोहोचली, कापूस कोसळला, सारे एकदम विकावयास निघाले आणि घेणारा कोणी उरला नाही. शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचा स्वतःचा शेअर २,८५० रुपयांवरून ८७ वर आला. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. त्या कर्जांमागे प्रेमचंद शेठजींचा शब्द मोठा होता, हे लपविण्याचे कारण नाही. तेही बुडाले. दान आधीच हातावेगळे झाले होते, म्हणून तेवढे वाचले.

गंमत अशी, की जमिनीचा अंदाज चुकलाच नव्हता. १९२० च्या दशकात भरावाचे काम नव्याने सुरू झाले, त्यातूनच पश्चिमेकडील या इमारतींना जागा मिळाली, मरीन ड्राइव्ह आला, पुढे नरिमन पॉइंट उभा राहिला. समुद्र तोच, जागा तीच. परंतु व्याजाची तारीख ठरलेली होती आणि जमीन यावयास साठ वर्षे लागली. पेढीचा गाळा गहाण टाकून अर्धवट इमारतीतील तीन-तीन सदनिका नोंदविणारे आजही तोच हिशेब मांडतात: ताबा मिळण्याआधी भाव चढेल, एक विकू, दोनांचे हप्ते भागतील.

संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या रांगेमागे उतरतो. इमारतींच्या सावल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवरून मनोऱ्याच्या दिशेने सरकू लागतात. घड्याळाचे ठोके पडतात, आणि शेवटचे षटक टाकावे की नाही, यावर मुलांचा वाद सुरू होतो.