न मोजलेली घरघर

गेल्या मे महिन्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडात लिंकनला आली होती. इथे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जेवण आटपून आम्ही वॉडिंग्टन गावाकडे, कड्याच्या काठाने जाणाऱ्या पायवाटेवर फिरायला जायचो. वरच्या अंगाला जवाची शेतं आणि त्यापलीकडे हवाई तळ.

आईला चंडोलाचं वेड. तो गात गात वर चढू लागला की ती हातानेच मला गप्प करायची. एकदा अशीच उभी असताना मध्येच घरघर सुरू झाली. मोठी नव्हती, पण संपेचना. एक करडं विमान आलं, वळलं, पुन्हा आलं.

"याला खिडकी कुठाय रे? माणसं बसतात कुठे?"

मी सांगितलं, याचं नाव प्रोटेक्टर. पंखांचा पसारा 24 मीटर, सलग तीस तासांहून जास्त उडतं. चालवणारे जमिनीवर, खोलीत बसलेले. 2013 पासून इथे बसून रीपर ड्रोन चालवत, पण ते उडायचे परदेशात. ब्रिटनच्या आकाशात इतर विमानांसोबत उडायला ते प्रमाणित नव्हते. प्रोटेक्टर मात्र 2023 पासून इथेच येऊ लागलं.

"म्हणजे इतके दिवस हा आवाज दुसऱ्यांच्या डोक्यावर होता," आई म्हणाली आणि चालू लागली.

खरं सांगायचं तर हा तळ कधीच शांत नव्हता. 1957 मध्ये इथे व्हल्कन बॉम्बर आले. हल्ली रेड ॲरोज या कसरतपथकाची जेटं डोक्यावरून गेली की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात. त्यापुढे हे ड्रोन अगदीच सभ्य. जेट येतं आणि जातं. हे मात्र घिरट्या घालत राहतं, आणि सरावाच्या फेऱ्या वाढतील तशी ती घरघर लांबत जाणार.

कारखान्यांचे आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून प्रोटेक्टरसाठी आकाशाची नवी आखणी करायच्या प्रस्तावाचे कागद मी मुद्दाम वाचले. त्यामागचा नियम वाचून चहा गार झाला. सरकारी निर्देशांनुसार असा बदल संरक्षण खात्याने मागितला, तर लष्करी विमानांचा आवाज आणि धूर हिशेबात धरायचाच नाही. त्यांच्यामुळे प्रवासी विमानांना वळसा पडला, तर त्या वळशाचा तेवढा धरायचा. पाहुण्यांचा खर्च मांडायचा आणि घरधन्याचा सोडून द्यायचा, असली ही वही.

आईचे लाडके चंडोल कमी झालेत, पण ते ड्रोनमुळे नव्हे. जव-गहू वसंताऐवजी शरदात पेरू लागले, आणि घरट्यांच्या हंगामात पिकं दाट, उंच होऊ लागली. 1970च्या दशकापासून ब्रिटनमधले निम्म्याहून अधिक चंडोल गेले. उलट कुरव आणि टिटव्या उतरू नयेत म्हणून इथल्या धावपट्ट्यांलगत गवत वाढू देतात, त्यात चंडोलाचं आयतंच फावतं. घरघरीचं त्याला काय वाटतं, हे मोजायला मात्र कोणी सांगितलेलं नाही.

आई परत जाईपर्यंत नऊ संध्याकाळी मी मीटर घेऊन गेलो. नोंदी वहीत आहेत. त्या प्रस्तावाच्या कागदांत त्यांच्यासाठी रकाना नाही.