फाटकावर कोण बसतं?

मंडळी, वेल्सबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. रग्बी, मेंढ्या आणि न संपणारी गावांची नावं, एवढ्यावर विषय आटोपतो. पण गेला महिनाभर मी तिथल्या एका जुन्या बंडाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि ते काही डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज इथे उतरवतो.

गोष्टीची सुरुवात एकदम नाटकी आहे. १३ मे १८३९ च्या रात्री नैऋत्य वेल्समधल्या एवाइलवेन या खेड्यातलं टोलचं फाटक गावकऱ्यांनी फोडलं. पुन्हा उभारलं, पुन्हा फोडलं. पुढे हे लोण पेम्ब्रोकशर, कारमार्दनशर, कार्डिगनशर असं सगळीकडे पसरलं. फोडणारे सगळे बाप्ये, पण अंगात बायकांचे झगे आणि तोंडाला काजळी! म्होरक्याचं नाव ‘रिबेका’ आणि बाकीच्या तिच्या ‘मुली’. बायबलमध्ये रिबेकाला सासरी धाडताना घरचे आशीर्वाद देतात, की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशी ताब्यात घेवो. चॅपलमध्ये वाढलेल्या या शेतकऱ्यांना नाव शोधायला लांब जावं लागलं नाही.

आणि सोंग तरी कसं! रिबेका म्हणजे एक आंधळी म्हातारी. काठी टेकत फाटकापाशी यायची, अडखळायची आणि म्हणायची, वाटेत काहीतरी आडवं आलंय गं पोरींनो. पोरी म्हणायच्या, थांब आई, आम्ही काढतो. की चालल्या कुऱ्हाडी! आपल्या गावच्या जत्रेतली सोंगं आठवून मला वाचताना हसूच आलं.

राग मात्र खोटा नव्हता. तिथली जमीन आंबट. चुना घातल्याशिवाय पीक धरत नाही. तो चुना भट्टीवरून गाडीत भरून आणायचा, तर वाटेत फाटकामागून फाटक. रस्ते वेगवेगळ्या टर्नपाइक ट्रस्टांच्या हातात, आणि ट्रस्टवर बसलेले बहुतेक जमीनदार. टोलवसुलीचा लिलाव व्हायचा. थॉमस बुलिन नावाच्या इंग्रज ठेकेदाराने बरेच ठेके घेतले होते. लोक आडवाटेने जातात म्हटल्यावर आडवाटांवरही फाटकं बसली. एवाइलवेनचं फाटक तर चुन्याच्या गाड्या पकडायलाच बसवलेलं.

त्यात १८३४ च्या कायद्याने आलेली, गरिबांना कोंडणारी वर्कहाउसं. १८३६ पासून चर्चचा दशमांश रोख पैशात द्यायचा, तोही आपण ज्या चर्चला जात नाही त्याला. वर पडलेले भाव. वेल्श बोलणाऱ्या कुळाला या सगळ्याची दाद मागायची तर समोर इंग्रजी बोलणारा मॅजिस्ट्रेट, आणि बहुधा तोच जमीनदार, तोच ट्रस्टी! फाटक हे सगळ्यात जवळचं, लाकडाचं, आणि कुऱ्हाडीने तुटणारं. म्हणून ते तुटलं.

१९ जून १८४३ ला कारमार्दन शहरातल्या वर्कहाउसवर मोर्चा घुसला तेव्हा घोडदळ आलं. लंडनच्या ‘टाइम्स’ने थॉमस कॅम्बेल फॉस्टर या बातमीदाराला तिकडे पाठवलं. त्याने शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकून लिहिलं, तेव्हा कुठे लंडनला कळलं की ही नुसती गुंडगिरी नाही.

इथवर मी पूर्णपणे रिबेकाच्या बाजूने होतो. मग ९ सप्टेंबर १८४३ ची रात्र आली.

हेंडी नावाच्या जागी एक फाटक होतं. तिथे टोल गोळा करायला होती सेरा विल्यम्स, वय वर्षं ७५. टोळी आली, टोलघर पेटवलं. सेरा शेजाऱ्यांकडे धावली, आग विझवायला चला म्हणून. भीतीने कुणी आलं नाही. ती आपलं सामान वाचवायला परत गेली आणि गोळी लागून मेली.

आंधळ्या म्हातारीचं सोंग घेणाऱ्यांनी एक खरी म्हातारी मारली.

पुढचं जास्त त्रास देतं. डॉक्टरांना शरीरात छर्रे सापडले, तरी पंचांनी निर्णय दिला की छातीत रक्त साचून मृत्यू झाला, कशाने साचलं ते आम्हाला ठाऊक नाही! पंच त्याच मुलखातले. त्यांना टोळीची भीती होती की टोळीत त्यांचीच माणसं होती? बहुधा दोन्ही.

आमच्या घरातल्यांना हे वाचून आप्पाकाका आठवतील. एका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर ते पावत्या फाडायचे. दर ठरवणारे वेगळे, पैसा खाणारे वेगळे, आणि आई-बहिणीवरून शिव्या काकांना. एकदा ट्रकवाल्याने लोखंडी पान्याने खिडकीची काच फोडली, ती कपाळात घुसली. काकू भडकल्या, तर काका म्हणाले, “अगं, त्याला मी एकटाच दिसतो ना.” जकात जाचक होती हे त्यांनाही मान्य होतं. ते त्या ट्रकवाल्यावर कधीच चिडले नाहीत. मी मात्र अजून चिडतो.

रिबेकाचं पुढे काय झालं? हेंडीच्या तीनच रात्री आधी, जवळच पॉन्टारदुलाइसला पोलिसांनी दबा धरून जॉन ह्यूजला पकडलं होतं. त्याला २० वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन टास्मानियाला पाठवलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८४४ च्या कायद्याने ट्रस्ट मोडून रस्ते प्रत्येक काउंटीच्या मंडळाकडे दिले आणि चुन्यावरचा टोल निम्मा केला. म्हणजे शेतकरी जिंकले, आणि ते जिंकायलाच हवे होते. मी तेही मागे घेत नाही.

पण त्या कायद्याच्या ओळीत सेरा कुठेच नाही. ती ट्रस्टी नव्हती, ठेकेदार नव्हती. म्हातारपणी डोक्यावर छप्पर हवं म्हणून फाटकावर बसलेली कुणीतरी असणार, असं मला वाटतं. काजळी फासलेल्या चेहऱ्यांमध्ये एकालाही नंतर झोप लागली नसेल का? असेल तर त्याने ते कुणाला सांगितलं असेल?

असो. कुणाकडे या विषयावर आणखी काही असेल तर जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी एखाद्या खिडकीशी भांडायची वेळ आली, तर आत कोण बसलंय ते आधी बघून घ्या.