सावनदुर्ग: हरलेल्या राजाचा डोंगर

सह्याद्रीत वाढलेला मराठी माणूस नोकरीसाठी बंगळुरात आला, की पहिली काही वर्षं त्याला शनिवार-रविवार खायला उठतात. पहाटेची लोकल पकडून कर्जतला उतरायचं आणि समोर दिसेल तो गड चढायचा, ही सोय इथे नाही. शहर स्वतःच समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर सपाट पसरलेलं. शेजारीपाजारी नंदी हिल्सचं नाव सुचवतात, पण तिथे सुट्टीच्या सूर्योदयाला घाटभर गाड्यांची रांग असते. माझ्याकडे पुण्याहून कोणी आलं, की मी त्यांना वेगळ्या दिशेला, पश्चिमेला नेतो. मागडी रस्त्याने सुमारे 50 किलोमीटरवर जंगलात सावनदुर्गाचा कातळ उभा आहे. एका दिवसात जाऊन येता येतं आणि शहाजीराजांचं बंगळूर कळण्यासाठी शहरात फिरण्यापेक्षा हा डोंगर जास्त उपयोगी पडतो.

तयारी आदल्या आठवड्यातच करावी लागते. वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं आणि गाइडबरोबरच चढायचं. यावर कुरकुरण्यात अर्थ नाही, कारण या रानात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. शिवाय पूर्वी वाट चुकून कातळावर अडकलेल्यांना शोधायला गावकऱ्यांनाच जावं लागे. प्रत्येकी निदान दोन लिटर पाणी, टोपी आणि तळव्याला पकड असलेले बूट एवढं हवंच. पाऊस पडून गेला असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. ओल्या ग्रॅनाइटवर अनुभव कामाला येत नाही.

गाडी नसेल तर मॅजेस्टिकहून मागडीची बस मिळते, तिथून पुढे रिक्षा. मॅजेस्टिक म्हणजे केंपेगौडा बस स्थानक. शहर वसवणाऱ्याचं नाव इथूनच कानावर पडायला लागतं. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडाने मातीच्या कोटाआड पेठा वसवल्या, विणकर, सोनार, व्यापारी आणून बसवले. विजयनगरचा हा मांडलिक मूळचा येलहंक्याचा. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीची फौज रणदुल्लाखानाच्या हाताखाली इथे आली, तेव्हा पहिल्या केंपेगौडाच्या वंशजाकडे, तिसऱ्या केंपेगौडाकडे, शहराचा ताबा होता. त्या फौजेत शहाजीराजे होते. बंगळूर पडलं आणि पुढे जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आलं. बालशिवाजी जिजाऊंबरोबर इथे येऊन राहिले आणि त्यांचे थोरले बंधू संभाजीराजे इथेच वडिलांजवळ वाढले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचं वर्णन आहे.

हे सगळं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. ज्याच्या हातून बंगळूर गेलं तो कुठे गेला, हे मात्र आपण विचारत नाही. तो याच रस्त्याने मागडीला गेला.

तावरेकेरे मागे पडलं की नाचणीची शेतं आणि नारळीच्या बागा सुरू होतात. वाटेत अर्कावती भेटते. ही नंदीच्या डोंगरात उगम पावणारी नदी. तिच्यावर तिप्पगोंडनहळ्ळीला 1933 मध्ये बांधलेल्या जलाशयाने बंगळूरला कितीतरी वर्षं पाणी पाजलं. खाली मंचनबेले धरणाचा फुगवटा डोंगराच्या पायथ्याजवळ येतो. पाणी मोहात पाडतं, पण तिथे बुडून मरणाऱ्यांच्या बातम्या दर वर्षी येतात, म्हणून लांबूनच बघावं.

आणि मग एका वळणावर सावनदुर्ग पूर्ण दिसतो. 1226 मीटर उंचीचा हा आशियातल्या सर्वांत मोठ्या अखंड कातळ-डोंगरांपैकी एक. आपल्या डोळ्यांना सवय असते ती बेसॉल्टच्या थरांची: माची, कडा, बालेकिल्ला. इथे थर नावाची गोष्टच नाही. जमिनीतून वर आलेला एकसंध, घोटीव ग्रॅनाइट, पाठ वर काढून पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आणि भूगर्भशास्त्रात त्याचं नाव ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’. क्लोजपेट हे जवळच्या रामनगरचं इंग्रजी अमलातलं नाव, बॅरी क्लोज या म्हैसूरच्या रेसिडेंटवरून पडलेलं.

पायथ्याला वीरभद्र आणि नरसिंह यांची देवळं आहेत. नवस फेडायला आलेली कुटुंबं, हळदीकुंकवाची दुकानं, काकडीवर तिखट-मीठ लावून देणाऱ्या बायका आणि पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. डोंगराची दोन शिखरं आहेत, करीगुड्डा आणि बिळीगुड्डा, म्हणजे काळा आणि पांढरा. चढायची वाट करीगुड्ड्याची.

सुरुवातीला झुडपांतून जाणारी पायवाट लवकरच संपते आणि उरतो तो उघडा, तिरका कातळ. पायऱ्या नाहीत, खोबण्या क्वचित. खडकावर रंगवलेले बाण धरून जायचं. गाइड मागून सारखा ‘निधान, निधान’ म्हणत राहतो. हळू चालायची ही सूचना चढताना जाचते, उतरताना पटते. मध्ये मध्ये तटबंदीचे अवशेष लागतात, चुन्याशिवाय रचलेले दगड, एखादा मोडका दरवाजा. पिवळ्या गळ्याचा बुलबुल हा दख्खनच्या खडकाळ डोंगरांपुरता राहणारा पक्षी इथे दिसतो. गिधाडांसाठीही हा भाग महत्त्वाचा आहे. जवळच्या रामदेवर बेट्टाला 2012 मध्ये गिधाडांचं अभयारण्य जाहीर झालं. हे तेच रामनगरचे खडक, जिथे गब्बरसिंगचा अड्डा उभा राहिला होता.

या तटांनी दोनदा हार पाहिली. मागडीला येऊन केंपेगौडांच्या वंशाने हा दुर्ग भक्कम केला आणि जवळजवळ नव्वद वर्षं राज्य टिकवलं. शहाजीराजांच्या घराण्याकडे बंगळूर तेवढंही टिकलं नाही. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला गेले, हे दूरचं शहर त्यांना जड झालं. 1687 मध्ये मुघलांच्या कासिमखानाने ते घेतलं आणि 3 लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला देऊन टाकलं. 1728 मध्ये म्हैसूरच्या फौजेने सावनदुर्गही जिंकला आणि शेवटचा राजा श्रीरंगपट्टणच्या कैदेत गेला.

दुसरी हार टिपू सुलतानाची. डिसेंबर 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बांबूचं रान तोडत तोफा इथवर ओढून आणल्या. पायथ्याचा तट फोडून 21 तारखेला चढाई केली आणि दुर्ग तासाभरात पडला. अजिंक्य म्हणून गाजलेल्या किल्ल्याने इतक्या लवकर मान टाकावी, याचं नवल इंग्रजांनाच जास्त वाटलं. फौजेबरोबर असलेल्या रॉबर्ट होम या चित्रकाराने दुर्गाची चित्रं काढून ठेवली आहेत. या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. हरिपंत फडके मोहिमेवर होते आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच महिन्यात शिमोग्याकडे लढत होते.

माथ्यावरच्या नंदीमंडपात बसून डबा उघडला, की ही गोष्ट जास्त टोचते. राजगडावर, रायगडावर आपण आपोआप आतल्या बाजूला असतो. किल्ला आपला, वेढा परक्याचा. इथल्या इतिहासात दोनदा आपण बाहेरच्या बाजूला आहोत. एकदा ज्यांच्यामुळे राजाला डोंगराकडे यावं लागलं त्यांच्यात, दुसऱ्यांदा डोंगर पाडणाऱ्यांच्या मित्रपक्षात. गड चढणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी अशा किल्ल्यावर जावं, असं मला वाटतं. जहागीर मिळाली, हे वाक्य पलीकडून कसं ऐकू येतं ते इथे कळतं.

उतरल्यावर अंगात त्राण असेल तर मागडी गाठावं. गावात केंपेगौडांचा मातीचा कोट आणि सोमेश्वराचं देऊळ आहे. शहर गमावलेल्यांनी नव्याने मांडलेली ही राजधानी.

परतताना हिशेब मांडला तर तो उलटा निघतो. बंगळुरात शहाजीराजांचा वाडा आज उभा नाही. एकोजीराजांच्या काळाची आठवण मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात शोधावी लागते. हरलेल्या केंपेगौडांचं नाव मात्र बस स्थानकाला आहे, विमानतळाला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये विमानतळावर पहिल्या केंपेगौडाचा 108 फुटी पुतळा उभा राहिला. तो घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. भोसल्यांनी ज्या घराण्याला शहराबाहेर घालवलं, त्याच्या पूर्वजाला मराठी शिल्पकाराच्या हातांनी वेशीवर परत आणून उभं केलं. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना मी विमानतळावर तो पुतळा दाखवतोच, आणि दुसऱ्या दिवशी सावनदुर्गाला नेतो. या क्रमाने पाहिलं की दोन्ही नीट समजतात.