मॅडम, मले नाही आवडलं!

बालमित्रांनो, "गाणं कसं वाटलं?" असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? "मस्त!" नाहीतर "बोअर!" झालं, विषय संपला. मीसुद्धा वर्षानुवर्षं तेच करत होते, बरं का! माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला त्याच्या पुढं जायला शिकवलं. त्याचीच ही गोष्ट.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांकडून पाढे म्हणवून घेते, शुद्धलेखन तपासते. पण माझा छंद ऐकून आमच्या शाळेतल्या मॅडम हसतात. मला रॉक संगीत भारी आवडतं! रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या जोरावर उभं राहिलेलं गाणं.

हे वेड मला लहानपणीच लागलं. तेव्हा मी पाचवीत होते. दादानं नागपूरहून एक कॅसेट आणली. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या संचाची 'कंदिसा'. ती निघाली २००० साली. 'कंदिसा' हे गाणं म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची फार जुनी प्रार्थना. त्याच कॅसेटमध्ये नर्मदेवरचं 'मा रेवा'ही होतं. प्रार्थनेतला एक शब्दही मला कळत नव्हता, पण टेपरेकॉर्डरजवळून उठवेना. एवढ्यात बाबा शेतातून आले.

"काय लावलं हे? बंद करा! तुमाले काय समजते त्यातलं?"

दादानं टेप बंद केला. बाबा वाईट नव्हते, थकून आले होते. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मी ठरवलं, मोठी झाल्यावर हे वाक्य कुणालाही म्हणायचं नाही.

आणि पुढं काय झालं, ऐका!

आता कॅसेटी गेल्या. नवा अल्बम मोबाईलवरच येऊन पडतो. २१ मार्च २०२५ ला दिल्लीच्याच 'ब्लडीवूड' या संचाचा 'न्यू दिल्ली' नावाचा अल्बम आला. हे लोक 'मेटल' वाजवतात. मेटल म्हणजे रॉकचा दांडगा भाऊ. पण त्यांच्या संगीतात पंजाबी ढोल असतो, बासरी असते. अल्बममध्ये आठ गाणी आहेत. एका गाण्यात जपानचा 'बेबीमेटल' संच सोबतीला आहे, आणि 'तडका' हे गाणं तर चक्क आपल्या जेवणावर आहे!

शुक्रवारी रात्री मी तो ऐकला आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. कवायत झाल्यावर मी पाचवीच्या मुलांना 'तडका' ऐकवलं. आधीच सांगून टाकलं, "फार भारी आहे हं!" मग काय, मुलं लगेच ओरडली, "मस्त, मॅडम!"

एक मुलगी मात्र गप्प होती. मी विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मले नाही आवडलं. लई ओरडतात ते."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला काय समजतं त्यातलं?"

मुलं हसली. ती बिचारी कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर सुट्टी होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. सायकलवरून घरी येताना माझ्या ध्यानात आलं, अरे, हे तर बाबांचंच वाक्य! तेव्हा बाबांना गाणं आवडलं नव्हतं, आज मला आवडलं होतं. फरक एवढाच. दोन्ही वेळा गप्प बसवलं गेलं ते लहान माणसालाच.

सोमवारी मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. मग आम्ही एक नियम केला. कोणतंही नवं गाणं तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा एकच वाद्य पकडून त्याच्या मागे जायचं. तिसऱ्यांदा शब्दांकडे लक्ष द्यायचं. मग वहीत एक वाक्य लिहायचं, आणि त्यात 'कारण' हा शब्द हवाच!

त्या मुलीनं काय लिहिलं असेल? "मला हे गाणं आवडलं नाही, कारण ढोल चांगला आहे पण गिटारच्या खाली दबला आहे. आमच्या गावच्या मिरवणुकीत डफडं मोकळं वाजते." मी पुन्हा ऐकलं. आणि काय सांगू, तिचं म्हणणं मला पटलं! मी त्या संचाची चाहती. गाणं सुरू होण्याआधीच मी ते आवडून घेतलं होतं. तिनं ते खरोखर ऐकलं होतं. मला 'तडका' आजही आवडतं, तिला आजही आवडत नाही. आमची मैत्री मात्र पक्की झाली.

मग मी माझी आधीची मतंही तपासली. 'इंडियन ओशन'चा 'तू है' हा अल्बम २०२३ साली आला. त्याच्या आधीचा 'तांदानू' २०१४ चा! इतकी वर्षं वाट पाहिली, म्हणून मी घाईनं ऐकला आणि "संथ आहे" म्हणून बाजूला ठेवला. तीनदा ऐकल्यावर कळलं, ही घाईनं ऐकायची गाणीच नव्हेत. माझं मत बदललं.

इंग्लंडच्या 'रोलिंग स्टोन्स'चा 'हॅकनी डायमंड्स'ही २०२३ चाच. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम १८ वर्षांनी आला होता. त्यांचे गायक मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचे होते. तुमच्या आजोबांएवढे, नाहीतर त्याहूनही मोठे! पहिल्यांदा ऐकताना मी त्यांच्या जोमावरच भाळले. तिसऱ्या वेळी जाणवलं, काही गाणी त्यांच्याच जुन्या गाण्यांसारखी आहेत. पण दोन गाण्यांत ड्रम वाजवणारे चार्ली वॉट्स २०२१ मध्येच वारले होते. त्यांचं आधी मुद्रित केलेलं वादन तिथं आहे. ते ऐकताना मी अगदी गप्प झाले. हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

आणि पालकांनो, एक विनंती. मुलांनी लावलेलं गाणं "गोंगाट" म्हणून बंद करण्याआधी एकदा विचारून पाहा, "यातलं तुला काय आवडतं?" उत्तर मिळेपर्यंत थांबा. तेवढं आमच्या बाबांनाही जमलं. गेल्या दिवाळीत मी त्यांना 'कंदिसा' ऐकवलं. डोळे मिटून सगळं ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "वाईट नाही. पण आपली दंडार यापेक्षा बरी."

मी लगेच विचारलं, "का बरं, बाबा? कारण सांगा!"

मग काय, बाबा तासभर दंडारीवर बोलत होते. आणि मी ऐकत होते!