एका वेळी एकच

माझ्या लॅपटॉपच्या बुडाला अजून कुठल्यातरी कंपनीचं लेबल चिकटलेलं आहे. बारकोड आणि खाली मालमत्ता क्रमांक. थिंकपॅड एक्स२२०, २०११ सालचं मॉडेल. आयटी कंपन्या असे लॅपटॉप भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात, मग ते ढिगाने व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून पुण्याच्या तापकीर गल्लीसारख्या ठिकाणी येतात. मी तो २०१६ साली नऊ हजारांना घेतला. भाषांतराची कामं नुकती कुठे नियमित मिळू लागली होती आणि हप्त्यांची मला पहिल्यापासून धास्ती.

दुकानदार प्रोसेसर, वेबकॅम वगैरे सांगत होता. मी कळा दाबून पाहत होतो. त्याआधी डीटीपीत दिवसाचे आठ-दहा तास बोटं कळफलकावर गेलेली. इन्स्क्रिप्ट या कळमांडणीत डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, आणि हलन्त ‘डी’वर. मराठीतली जोडाक्षरं मोजली तर या एका कळेला किती मार बसतो याची कल्पना यावी. एक्स२२० हा थिंकपॅडच्या एक्स मालिकेतला सात ओळींच्या कळफलकाचा शेवटचा. पुढच्याच वर्षी एक्स२३० आला तो सहा ओळींचा आणि सुट्या, चपट्या कळांचा. खोल दबणाऱ्या कळांसाठी मी बाकी सगळ्याकडे काणाडोळा केला. आज त्या ‘डी’वरचं अक्षर पार पुसलं गेलंय.

काणाडोळा केलेल्या गोष्टी महिन्याभरात समोर आल्या. चालू व्हायला दोन-अडीच मिनिटं, फाइल उघडायची तर मध्येच उठून यावं. ऐपत असती तर रॅम, डिस्क, बॅटरी सगळं एकदम बदलून मोकळा झालो असतो आणि नक्की दुखणं कशात होतं ते कधीच कळलं नसतं. खिशात पैसे एकाच भागाचे होते. मग टास्क मॅनेजर उघडून बसलो. मेमरीत जागा होती, प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावरची सुई जागेवर पोचायला दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद घेते, आणि एखादा प्रोग्रॅम उघडताना असे हजारो तुकडे वेगवेगळ्या जागांवरून गोळा करावे लागतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही. कडेचा एक स्क्रू काढला की जुनी डिस्क सरकून बाहेर येते. नव्या १२० जीबी एसएसडीचे तीन हजार गेले, आणि लॅपटॉप वीसेक सेकंदांत उठायला लागला.

पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा रेंगाळू लागला, पण फक्त दुपारी. सकाळी ठणठणीत. म्हणजे डिस्क नव्हे, उष्णता. हा प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःच वेग उतरवतो. हीट सिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला असणार आणि थर्मल पेस्ट सुकून खडखडीत झाली असणार. पेस्टचे अडीचशे रुपये. उघडायचं धाडस फुकट. खरं तर धाडसही फारसं लागलं नाही. दुरुस्तीची पुस्तिका कंपनीनेच सगळ्यांसाठी खुली ठेवलेली आहे. कुठला स्क्रू किती लांबीचा, आधी काय सोडवायचं, सगळं तीत आहे. बुडाशी कळफलकाच्या स्क्रूंशेजारी कळफलकाचं चित्रही कोरलेलं. आपण केलेली वस्तू पुढे कोणीतरी उघडणार आहे हे त्या आरेखकाने धरूनच ठेवलं होतं, आणि माझ्या मते सगळी काटकसर तिथे सुरू होते. हल्लीच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे पैसे हातात असूनही काही करता येत नाही.

रॅमची पाळी त्यानंतर आली. दोन खाचा, कागदावर कमाल ८ जीबी, प्रत्यक्षात १६ चालते. मी ४ जीबीची एक जुनी पट्टी टाकून आठवर थांबलो. डीडीआर३ तेव्हा कोणाला नको असायची, म्हणून स्वस्त. बॅटरीचं तसं नाही. सहा सेलचा तो डबा उघडून आत नवे १८६५० सेल जोडणारे हुशार लोक आहेत, मी त्या वाटेला गेलो नाही. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो, आणि काटकसरीलाही कुठेतरी लाज असावी. बऱ्यापैकी बॅटरी घेतली. पुढे एका बंद पडलेल्या एक्स२२०मधून निघालेला आयपीएस पडदाही लावला. मूळच्या टीएन पडद्यावर शेजारी बसलेल्या मुलीला माणसं काळीनिळी दिसत.

बायकोने वहीत बेरीज मारली. “नऊ हजारांचा लॅपटॉप, आणि त्याच्यावर आणखी नऊ हजार? अरे, नवा आला असता की!” आला असता. पण ते नऊ हजार कित्येक वर्षांत, एखादं बिल वसूल झालं की, असे गेले होते. तिला हे पटलं नाही आणि मीही फार ताणलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, माझा प्रोसेसर दुसऱ्या पिढीतला. पहिल्यांदाच अशी अडचण आली जिच्यासाठी विकत घेण्यासारखा भागच नव्हता. लिनक्स मिंट टाकलं. इन्स्क्रिप्ट तिथे सेटिंगमध्येच सापडलं. डीटीपीच्या काळातल्या, युनिकोडपूर्व फाँटांतल्या फायली मात्र अजून अर्ध्या रूपांतराच्या वाटेवर आहेत.

सध्या पंखा घरघरतो. सुटा पंखा सहसा मिळत नाही, हीट सिंकसकट घ्यावा लागतो, आणि दुकानदार त्याचे नऊशे सांगतो. डावी बिजागरीही सैल झाली आहे. तेवढ्यात एखादा मेलेला एक्स२२० मिळाला तर दोन्ही त्यातून निघतील, वर ‘डी’ची कळही. दुकानदाराला सांगून ठेवलंय.